भाडेकरू भाडं देतो, पण दर महिन्याला उशिरा: घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

पाच तारखेचं भाडं चौदाला येतं. पुढच्या महिन्यात एकोणीसला. मग एकदा निम्मं येतं आणि उरलेलं महिनाअखेरीस. माणूस वाईट नसतो. घर स्वच्छ ठेवतो, शेजाऱ्यांची तक्रार नाही, पैसेही बुडवलेले नाहीत. तरी दर महिन्याला फोन करून आपलेच पैसे मागायचे, याचा वीट येतो.

गेली अठरा वर्षं मी पुण्यात दोन फ्लॅट भाड्याने देतोय, एक कोथरूडला आणि एक वाकडला. त्यामुळे नातेवाईक, सोसायटीतले लोक, बँकेतले जुने सहकारी हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. हे सगळं महाराष्ट्रातल्या राहत्या घरांपुरतं आहे. गोव्यात भाड्याचा कायदा वेगळा, १९६८चा आहे. मी वकील नाही. प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत आलं असेल तर वकील गाठा.

सतत उशीर करणाऱ्या भाडेकरूला कायद्याने घराबाहेर काढता येतं का?

नुसत्या उशिरासाठी काढणं फार कठीण आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम १५ सांगतं की भाडेकरू भाडं देत असेल, किंवा द्यायला तयार असेल, तोवर भाड्याच्या कारणावरून ताबा मागता येत नाही. भाडं थकलंच, तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबायचं. त्यानंतर दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावर भाडेकरूला आणखी ९० दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजाने कोर्टात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहिला, तर त्या कारणावर त्याला काढता येत नाही.

आता आपला वीस तारखेवाला भाडेकरू या चौकटीत बसवून बघा. त्याची थकबाकी कधी पंधरा दिवसांपलीकडे जातच नाही. कायदा बुडवणाऱ्याला धरण्यासाठी लिहिलाय, रेंगाळणाऱ्यासाठी नाही. त्याचा बंदोबस्त करायला आपल्या हातात दोनच गोष्टी असतात: करारातला मजकूर आणि पहिल्या दोन महिन्यांतली आपली वागणूक.

पण आमचा तर लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे. त्यालाही हेच लागू?

नाही, आणि हा फरक अनेकांना माहीत नसतो. बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो, पण लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानगीने राहणारा असतो. वरचं ९० दिवसांचं संरक्षण हे खऱ्या भाडेकरूचं, म्हणजे चाळीतले, वाड्यातले, पागडीचे किंवा भाडेपट्ट्यावर राहणारे.

लायसन्सवाल्यासाठी त्याच कायद्यात कलम २४ आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली की त्याने ताबा द्यायचा. नाही दिला तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो, आणि जितके दिवस तो जास्त राहील तितक्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जातो. म्हणून करारातलं एकेक वाक्य वाचून सही करा. एजंटने आणलेला छापील नमुना न वाचता अंगठा लावणारे डॉक्टर, इंजिनिअर आणि एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारीसुद्धा मी पाहिले आहेत.

अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही ना?

महाराष्ट्रात करावा लागतो. ‘अकरा महिन्यांचा असेल तर नोटरी पुरे’ हा समज इतका घट्ट बसलाय की काही एजंट अजूनही तेच सांगतात. कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. व्यवहारात त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं. ते खोटं पाडायचं ओझं तुमच्यावर. तो म्हणाला, ‘भाडं वीस तारखेलाच द्यायचं ठरलं होतं’, तर काय दाखवणार?

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि परत करायच्या डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के व्याजावर, पाव टक्का. वीस हजार भाडं, साठ हजार डिपॉझिट, अकरा महिने असा हिशोब केला तर साडेपाचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. आता ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठ्यावर, घरबसल्या.

पहिल्यांदाच उशीर झालाय. लगेच बोलायचं की सोडून द्यायचं?

लगेच बोला. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, आणि ती मीही केली आहे.

माझ्या वाकडच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं होतं. पहिल्या महिन्याचं भाडं नऊ तारखेला आलं. म्हटलं, नवीन संसार, सामानसुमान आणलं असेल, जाऊ दे. दुसऱ्या महिन्यात बारा. मी गप्प. तिसऱ्या महिन्यात अठरा तारखेला मी फोन केला, तर पलीकडून खरोखरच आश्चर्य: ‘काका, तुम्हाला चालतं असं वाटलं आम्हाला!’ त्यात खोटेपणा नव्हता. तीन महिने मीच त्यांना शिकवलं होतं की पाच तारीख ही लिहिण्यापुरती असते. ते पुढे दोन वर्षं राहिले आणि ती सवय शेवटपर्यंत मोडली नाही.

त्यानंतर मी एक रीत पाडली. सहा तारखेला सकाळी मेसेज. फोन नाही, कारण फोनवर दोघंही अवघडतात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि नंतर काय ठरलं याची कुठेच नोंद राहत नाही. मेसेज असा:

‘नमस्कार. जुलैचं भाडं रु. २०,००० अजून जमा झालेलं दिसत नाही. करारानुसार ५ तारीख होती. आज टाकता येईल का? काही अडचण असेल तर कधी जमा होईल ती तारीख कळवा.’

बस. ‘तुमच्यामुळे माझा हप्ता बाउन्स झाला’, ‘आम्हालाही संसार आहे’ वगैरे काही लिहायचं नाही. शेवटचं वाक्य मात्र महत्त्वाचं. ‘दोन दिवसांत देतो’ हे उत्तर नसतं, ‘११ तारखेला देतो’ हे उत्तर असतं. तारीख मिळाली की त्या तारखेला परत बघायचं, तोवर गप्प बसायचं. रोज टोचणारा मालक आणि कधीच न बोलणारा मालक, दोघांचंही भाडं उशिराच येतं, हा माझा अनुभव.

भाड्याची तारीख कोणती ठेवावी?

त्याच्या पगाराची तारीख विचारा आणि त्यापुढे दोन-तीन दिवस धरून तारीख ठरवा. ऐकायला साधं आहे, पण निम्मे वाद इथेच मिटतात.

हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत पगार महिनाअखेरीला होतो. पाच तारीख ठीक. पण चाकणला कंत्राटी कामगार असेल तर पगार सात ते दहाच्या दरम्यान. त्याच्याकडे पाच तारखेला मागितलं तर तो दर महिन्याला उशीरच करणार, आणि दर महिन्याला आपण त्याला बेजबाबदार ठरवणार. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं असतील तर पैसे गावाहून येतात, आणि गावाकडचा पैसा कधी येईल हे साखर कारखान्यावर अवलंबून असतं. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगली-कोल्हापूरकडच्या कुणालाही विचारा. अशा मुलांकडून मी तीन महिन्यांचं एकदम घेतो. त्यांनाही तेच सोयीचं पडतं.

करार मध्यावर असेल तरी दोघांच्या संमतीने तारीख बदलता येते. मेसेजवर स्पष्ट लिहून घ्या: ‘ऑगस्टपासून भाड्याची तारीख १०, बाकी अटी त्याच.’ आणि मग अकरा तारखेला मेसेज जायलाच हवा.

लेट फी लावता येते का? किती?

करारात लिहिली असेल तर मागता येते. करारात नसताना अचानक ‘आजपासून रोज दोनशे’ म्हटलं तर त्याला काही आधार नाही.

किती, तर वाजवी. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ असं आहे की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी कोर्ट वाजवी भरपाईच मान्य करतं. लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. वीस हजारांच्या भाड्यावर रोज हजार रुपये लिहिणारे मालक आहेत. तो आकडा कागदावर दिसतो भारी, पण कधीच वसूल होत नाही, आणि एकदा सोडून दिला की करारातल्या बाकी अटींचाही धाक जातो. मी रोज शंभर रुपये लिहितो, तीन दिवसांची सवलत धरून. आणि घेतो. पहिल्या वेळी चारशे रुपये मागताना जीभ अडखळते खरी, पण ते चारशे मागितले नाहीत तर ती अट खोडून टाकलेली बरी.

याचंच उलट करणाऱ्या एक ताई आमच्या सोसायटीत आहेत. त्यांनी भाडं बावीस हजार ठरवलं आणि करारात लिहिलं की पाच तारखेच्या आत दिल्यास पाचशे सूट. पैसे तेवढेच, पण भाडेकरू चार तारखेला स्वतः मेसेज करतो.

अर्धं भाडं देतो म्हणाला तर घ्यावं का?

घ्यावं. हातात आलेलं नाकारून काय मिळणार? फक्त घेताना लिहून कळवा: ‘जुलैच्या भाड्यापैकी १०,००० मिळाले, १०,००० बाकी.’ महिन्याचं नाव लिहिणं विसरू नका. चार महिने अर्धंमुर्धं येत राहिलं की कुठल्या महिन्याचे किती यावर जो गोंधळ होतो तो शेवटी डिपॉझिटच्या हिशोबात फुटतो. एका साध्या वहीत चार रकाने पुरतात: महिना, मिळायची तारीख, मिळालेली तारीख, रक्कम. वहीची गंमत अशी, की करार संपताना ती भाडेकरूसमोर उघडली की आवाज चढवावा लागत नाही.

वीज किंवा पाणी बंद केलं तर ताळ्यावर येईल का?

येईल तुमच्यावरच. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट अशी आवश्यक सेवा सबळ कारणाशिवाय तोडणं किंवा अडवणं मालकाला मना आहे, त्यासाठी शिक्षा होऊ शकते. कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, वॉचमनला ‘यांना आत सोडू नका’ सांगणं, हे सगळं त्याच पंक्तीतलं. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून तो ताबा परत मिळवू शकतो. त्या दाव्यात घर कुणाच्या मालकीचं हा प्रश्नच येत नाही.

चिडून एका संध्याकाळी केलेल्या या गोष्टीमुळे भाडं थकवणारा फिर्यादी होतो आणि मालक आरोपी. मग भाड्याची गोष्ट बाजूला राहते.

तो यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवतो, पण खात्यात पैसे दिसत नाहीत.

स्क्रीनशॉटला धन्यवाद म्हणू नका. बँकेच्या खात्यात नोंद आली की मगच ‘मिळाले’ लिहा. कधी खरंच व्यवहार अडकतो आणि पैसे त्याच्याकडे परत जातात. अशा वेळी त्याला व्यवहार क्रमांक पाठवायला सांगा. कधी स्क्रीनशॉट मागच्या महिन्याचा असतो. एकदा तर माझ्याकडे आलेल्या चित्रातला व्यवहार दुसऱ्याच कुणाला केलेला होता, मुलाच्या क्लासच्या फीचा. भाडेकरू इतका ओशाळला की त्याने लगेच भरलं.

बरा उपाय म्हणजे त्याच्या बँकेतून स्थायी सूचना, म्हणजे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आपोआप जाणारं भाडं. करार करतानाच त्याला ती लावायला सांगा. नंतर सांगितलं की अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

पावती द्यायलाच हवी का? सगळं ऑनलाइनच असतं.

द्यायलाच हवी. भाड्याची लेखी पावती देणं हे कलम २६ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. पाच हजारांवर रोख घेत असाल तर एक रुपयाचं महसूल तिकीटही लावा.

शिवाय पावती तुमच्याच कामाची आहे. जानेवारी-फेब्रुवारी आला की नोकरदार भाडेकरू घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी वर्षभराच्या पावत्या मागतो. एकगठ्ठा बारा पावत्या, सगळ्यांवर पाच तारीख, असं देऊ नका. ज्या दिवशी पैसे आले तीच तारीख घाला. त्या बारा तारखा म्हणजे उशिराचा सहीशिक्का असलेला इतिहास, आणि तो त्याने स्वतःहून मागून घेतलेला.

‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ म्हणतो.

नाही म्हणा, आणि पहिल्याच वेळी म्हणा. डिपॉझिट हे घर सोडताना होणारं नुकसान, वीजबिल, शेवटची थकबाकी यांच्यासाठी असतं. एकदा त्यातून भाडं कापलं की तुमच्या हातातली एकमेव दोरी आखूड होते, आणि पुढच्या महिन्यात तो तेच सुचवतो.

अपवाद एकच. तो जाणार हे पक्कं आहे, लेखी नोटीस दिलीय, शेवटचा एक महिना उरलाय, आणि डिपॉझिट तीन महिन्यांचं आहे. मग एका महिन्याचं वळतं करायला हरकत नाही. पण आधी घर बघून या. कळवून, त्याच्या सोयीच्या वेळी. महावितरणचं बिल ग्राहक क्रमांक टाकून ऑनलाइन तपासा. मीटर तुमच्या नावावर असतो आणि थकलेलं बिल त्या जागेला चिकटून राहतं, भाडेकरूबरोबर जात नाही. भाडं उशिरा देणारा वीजबिलही उशिरा भरत असतो, हे मला महागात पडून कळलं: चार महिन्यांचं बिल, साडेसात हजार.

चेक परत आला तर?

इथे मात्र कायदा धारदार आहे. चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तारखा कडक आहेत. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस त्याला पैसे द्यायला, आणि तेही गेले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून थांबलात तर हत्यार बोथट होतं. खात्यातून आपोआप जाणारी रक्कम शिल्लक नसल्याने परत आली, तरी तशीच तरतूद २००७च्या पेमेंट कायद्यात आहे.

एका महिन्याच्या उशिरासाठी कुणी फौजदारी करू नये असं माझं मत. दोनदा चेक परत आला की नोटीस जरूर पाठवावी.

लेखी नोटीस कधी आणि कशी द्यायची?

दोन महिन्यांचं भाडं साचलं की. त्याआधी मेसेज पुरतात. नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं). एक प्रत व्हॉट्सअॅपवर आणि ईमेलवर. त्यात करार क्रमांक आणि तारीख, कुठल्या महिन्याचे किती बाकी, करारातलं कुठलं कलम मोडलं, आणि किती दिवसांत भरायचं, एवढंच. विशेषणं नकोत. ‘आपण विश्वासघात केला आहे’ असलं वाक्य वकिलाच्या नोटिशीतही मला आवडत नाही, कारण त्याचं उत्तर विश्वासघातावरच येतं आणि भाडं राहून जातं.

बहुतेक करारांत असं कलम असतं की दोन महिने भाडं थकलं तर मालक नोटीस देऊन करार मुदतीआधी संपवू शकतो. नसेल तर पुढच्या करारात घाला. मात्र मुदतीच्या आत करार रद्द केला आणि तो हललाच नाही, तर तिथून पुढे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

करार संपत आलाय. याच भाडेकरूला ठेवावं का?

खरा निर्णय इथेच होतो. अकरा महिन्यांचे करार करण्याचा हाच उपयोग: काढायचं नसतं, फक्त पुन्हा द्यायचं नसतं.

माझा हिशोब असा. घर एक महिना रिकामं राहिलं तर वीस हजार गेले, वर एजंटची दलाली, रंगकाम. आणि उशीर करणारा भाडेकरू दर महिन्याला सरासरी दहा-बारा दिवस उशीर करतो, पण बाराही महिन्यांचं देतो. नुसते पैसे बघितले तर त्याला ठेवणं स्वस्त पडतं. तुमचा त्या भाड्यावर गृहकर्जाचा हप्ता चालत असेल, तर मात्र हिशोब उलटा होतो: दर महिन्याला तुमच्या खात्यातून दंड कापला जाणार. निवृत्त माणसाचं औषधपाणी त्यावर असेल तर तर प्रश्नच नाही.

ठेवायचं ठरलं तर तीच वेळ अटी बदलण्याची. वही उघडा, तारखा दाखवा. ‘अकरापैकी सात महिने उशीर झालाय. पुढच्या करारात तारीख दहा करू, स्थायी सूचना लावा, डिपॉझिट एका महिन्याने वाढवू.’ कबूल झाला तर उत्तम. कुरकुरला तर तुम्हाला उत्तर मिळालं. हे बोलणं मुदत संपायच्या दोन महिने आधी करा, शेवटच्या आठवड्यात नाही.

आणि ठेवायचं नसेल, तर तसं लेखी कळवा. मुदत संपल्यावर नवीन करार न करता तसंच भाडं घेत राहणं, ‘करू की पुढच्या महिन्यात रजिस्टर’, हा पुण्या-मुंबईतल्या मालकांचा राष्ट्रीय छंद आहे. त्यातून ‘मी आता भाडेकरू झालो’ असा वाद घालायला त्याला जागा मिळते.

मुदत संपली तरी जात नाही.

कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. नोंदणीकृत करार हाताशी असेल तर हा मार्ग नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा बराच आटोपशीर आहे. समन्स मिळाल्यावर समोरच्याला ३० दिवसांत बाजू लढवण्याची परवानगी मागावी लागते. मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य झालं असं धरलं जातं. अर्जात दुप्पट भरपाईची मागणी घालायला विसरू नका. वीस हजारांचे महिन्याला चाळीस हजार होतात हे कळल्यावर टेम्पो बोलावलेले लोक मला माहीत आहेत.

सोसायटी किंवा पोलीस मदत करतील का?

भाड्याचा वाद दिवाणी आहे, पोलीस वसुली करून देत नाहीत. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते ती वेगळ्या कारणासाठी, आणि ती तुम्ही दिलेली असायला हवी. सोसायटीचा संबंध तुमच्याशी. मेंटेनन्स भाडेकरूने भरायचा ठरलं असलं तरी थकला तर सोसायटी तुम्हालाच विचारणार. म्हणून मेंटेनन्स भाड्यात धरून स्वतः भरलेला बरा.

दुकान किंवा गाळा असेल तर?

कलम २४चा तो सोपा मार्ग राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरताच आहे. गाळ्याला तो मिळत नाही. शिवाय भाडेकरू बँक असेल, किंवा एक कोटी आणि त्याहून जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं भांडवल) असलेली कंपनी असेल, तर भाडे नियंत्रण कायदाच लागू होत नाही. गाळ्याचा करार वकिलाकडूनच करून घ्या.

मी परदेशात राहतो. दर महिन्याला पाठपुरावा कोण करणार?

भाऊ, मेहुणा, शेजारचे काका, यांच्यावर टाकू नका, नाती बिघडतात. मुखत्यारपत्र द्यायचंच तर ज्याला खरोखर वेळ आहे त्याला द्या. आणि एक गोष्ट आधीच तपासा: अनिवासी मालकाला भाडं देताना, रक्कम कितीही असो, भाडेकरूने करकपात (टीडीएस) करायची असते. निवासी मालकाच्या बाबतीत व्यक्ती भाडेकरूला ती महिना ५० हजारांवरच लागते. भाडं ‘कमी’ किंवा ‘उशिरा’ येण्याचं कारण कधीकधी हा घोळ असतो, आणि तो भाडेकरूच्या सीएलाच निस्तरू द्यावा.

केंद्राचा नवा भाडेकरू कायदा आलाय म्हणे, दोन महिन्यांचंच डिपॉझिट घेता येतं?

आदर्श भाडेकरू कायद्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजुरी दिली. तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केला तरच त्या राज्यात लागू होतो. दर सहा महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर ‘उद्यापासून नवे नियम’ म्हणून जे फिरतं, ते वाचून महाराष्ट्रातला तुमचा करार बदलत नाही.

त्याची नोकरी गेलीय. आता?

२०२० साली कोथरूडच्या फ्लॅटमधला मुलगा मे महिन्यात स्वतः आला. म्हणाला, ‘काका, हॉटेल बंद आहे, पगार नाही, जून-जुलै निम्मंच देऊ शकतो.’ मी मान्य केलं, कागदावर लिहून घेतलं: दोन महिने निम्मं, राहिलेलं ऑक्टोबरपासून दरमहा दोन हजार. शेवटचे दोन हजार त्याने ठरल्याच्या आधी दिले. आधी येऊन सांगणारा आणि विचारल्यावर कारण देणारा, या दोघांना एकाच मापाने मोजायचं नाही. पण सवलत किती महिने आणि फेड कशी, हे लिहिल्याशिवाय मोठेपणा दाखवू नका.

घर सोडून गेला, थोडी थकबाकी राहिली. मागे लागावं का?

थकलेल्या भाड्यासाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. डिपॉझिट वळतं केल्यावर लाखाच्या घरात रक्कम उरत असेल तर वकिलाला विचारा. पाच-सात हजारांसाठी एक शेवटचा हिशोब लिहून पाठवा, महिनावार, तारखांसह, आणि सोडून द्या. माझे साडेसहा हजार एकदा असेच राहिले होते. दोन वर्षांनी त्याला नव्या घरमालकासाठी जुन्या मालकाचं पत्र हवं होतं. त्याने आधी पैसे टाकले, मग फोन केला.